निकट संपर्कांचा माग कसा काढावा: मुंबईत हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

श्वसनमार्गाचा नवा विषाणू शहरात शिरला की पहिल्या काही आठवड्यांत तीन गोष्टी कळायला हव्या असतात. रुग्णाबरोबर राहणाऱ्यांपैकी किती जणांना लागण होते, किती दिवसांनी होते आणि त्यातले किती जण खरोखर गंभीर होतात. रुग्णालयाच्या आकड्यांवरून हे कळत नाही, कारण तिथे पोचतात ते आजारी पडलेलेच. ज्यांना काहीच झालं नाही ते घरी असतात, गाळ्यात असतात, ८:१२च्या फास्ट लोकलमध्ये असतात. त्यांची, म्हणजे रुग्णाच्या 'संपर्कां'ची, यादी करून शेवटच्या दिवसापर्यंत त्यांची खबर ठेवली, तरच फैलावाचा अंदाज बांधता येतो. आजारी न पडलेल्या माणसाची नोंद आजाऱ्याच्या नोंदीइतकीच मोलाची असते, आणि नवख्यांच्या हातून नेमकी तीच अर्धवट राहते.

हा लेख आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेल्या आरोग्य स्वयंसेविका, इंटर्न डॉक्टर आणि मदतीला येणारे एनएसएसचे विद्यार्थी यांच्यासाठी आहे. उदाहरणं बहुतेक कोविडची आहेत, कारण त्याचे दिवस आणि अंतरं नीट माहीत आहेत. दुसऱ्या विषाणूला आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

सगळ्यात आधी तारखा

कागदावर दोन तारखा लिहा: पहिलं लक्षण कधी जाणवलं आणि रुग्ण इतरांपासून वेगळा कधी झाला. अहवालाची तारीख फक्त नोंदीपुरती. समजा ताप १० जुलैला आला, स्वॅब १३ला दिला, अहवाल १४ला मिळाला आणि त्याच दिवशी रुग्ण वेगळा झाला. कोविडचा रुग्ण लक्षणं दिसण्याच्या साधारण २ दिवस आधीपासून संसर्ग पसरवू शकतो, म्हणून तुमची खिडकी, म्हणजे संपर्क शोधायचा काळ, ८ जुलैला उघडते आणि १४ला बंद होते. अहवालाच्या तारखेपासून २ दिवस मागे मोजलं तर तुम्ही १२ला सुरुवात कराल आणि ८ ते ११ हे चार दिवस हातचे जातील. संसर्ग सर्वांत जोरात पसरतो तो याच दिवसांत, आणि माणूस कामावर जात असतो तोही याच दिवसांत.

रुग्णाला लक्षणंच नसतील तर स्वॅब घेतल्याच्या दिवसापासून २ दिवस मागे जा. फ्लूचा रुग्ण लक्षणांच्या साधारण १ दिवस आधीपासून ५ ते ७ दिवस नंतरपर्यंत संसर्ग देतो. गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याच्या ४ दिवस आधीपासून ४ दिवस नंतरपर्यंत. २०२२ साली गोवंडीत गोवराची साथ पसरली तेव्हा हेच दिवस मोजायचे होते, आणि गोवराचा विषाणू रुग्ण निघून गेल्यावरही बंद खोलीच्या हवेत २ तासांपर्यंत टिकत असल्यामुळे त्या खोलीत नंतर आलेली मुलंही यादीत घ्यायची होती.

"ताप कधी आला?" एवढंच विचारू नका. ताप येण्याच्या आदल्या दिवशी अंगात कसकस असते, घसा खवखवतो, आवाज बसतो. माणूस त्याला आजार समजत नाही. "यातलं सगळ्यात आधी काय झालं? त्या दिवशी कामावर गेला होतात का?" असं विचारा. तारीख आठवत नसेल तर तिला खूण लावा: पगाराचा दिवस, एकादशी, मेगाब्लॉकचा रविवार, नळाला पाणी आलं नाही तो दिवस. आजीबाईंना तारीख आठवणार नाही, पण उपास कधी होता ते पक्कं आठवेल.

निघण्यापूर्वी

सोबत घ्या: ओळखपत्र, एन-९५ मास्क (एक तोंडावर, एक जादा), सॅनिटायझर, पल्स ऑक्सिमीटर, लांबून ताप मोजायचा थर्मामीटर, कोऱ्या याद्या, दोन पेनं, वस्तीचा नकाशा. पावसाळ्यात कागद प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा, भिजलेली यादी पुन्हा मिळत नाही.

शक्यतो आधी फोन करा. गेलात तर दारात किंवा गॅलरीत, मोकळ्या हवेत उभं राहून बोला. वेळ वस्तीनुसार ठरवा. पाणी यायच्या वेळी कोणतीही बाई तुमच्याशी दोन शब्द धड बोलणार नाही. दुपारी २ ते ४ बायका भेटतात, कामावर जाणारे पुरुष रात्री ८ नंतर. एका रुग्णाच्या पूर्ण मुलाखतीला पाऊण तास धरा. दहा मिनिटांत उरकलेल्या मुलाखतीत घरच्यांपलीकडे एकही नाव मिळत नाही.

रुग्णाशी बोलणं

"तुम्ही कोणाकोणाच्या संपर्कात आलात?" या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर आहे, "कोणाच्याच नाही." माणूस खोटं बोलत नसतो, त्याला संपर्क म्हणजे काय ते माहीत नसतं. माणसं विचारू नका, दिवस विचारा. ताज्या दिवसापासून सुरू करून मागे जा, आणि प्रत्येक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत चाला: उठल्यावर कुठे गेलात, चहा कोणाबरोबर, गाडी कोणती, डबा कोणाबरोबर खाल्लात, परत येताना कुठे थांबलात, संध्याकाळी कट्ट्यावर कोण होतं. प्रत्येक दिवसाला वेगळा कागद.

घराबाबत एक प्रश्न फार कामाचा आहे. "घरी कोण कोण असतं?" असं विचारलं की रेशनकार्डावरची नावं येतात. "काल रात्री या खोलीत कोण कोण झोपलं?" असं विचारलं की गावाहून नोकरी शोधायला आलेला पुतण्या सापडतो, पोटमाळ्यावरचा भाडोत्री सापडतो. मग लगेच विचारा, "आणि दिवसा कोण झोपतं?" रात्रपाळीवाला तिथे सापडेल. एकच गादी दोघं पाळीपाळीने वापरतात अशा खोल्या या शहरात कमी नाहीत.

पहिली फेरी झाली की आठवणीला टेकू द्या. रुग्णाला त्याच्याच मोबाइलमधला कॉल लॉग, फोटो आणि यूपीआयचे व्यवहार त्या तारखांनुसार बघायला सांगा. नाक्यावर दिलेले ३० रुपये, रिक्षाचे पैसे, मित्राला परत केलेले ५००, यावरून विसरलेली संध्याकाळ परत उभी राहते. मोबाइल रुग्णाच्याच हातात राहू द्या. तुम्ही तो घेतलात की विश्वास संपला.

कागदपत्रं विचारू नका. करार न करता राहणारे भाडोत्री, गाळ्यात राहणारे कारागीर, परप्रांतातून आलेले मजूर यांना पहिली भीती आजाराची नसते, जागा किंवा काम जाण्याची असते. "मला आधार कार्ड नको, नाव आणि फोन पुरे" हे पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाका. १८९६ साली मांडवीत प्लेग आला तेव्हा सक्तीने घरझडत्या झाल्या, माणसं उचलून नेली गेली. लोकांनी आजारी माणसं लपवली, हजारोंनी शहर सोडलं आणि प्लेगही त्यांच्याबरोबर बाहेर गेला. जबरदस्तीने यादी होत नाही, हे मुंबईने तेव्हाच पाहिलं आहे.

कुठे काय शोधायचं

लोकल: डब्यातल्या अनोळखी गर्दीमागे लागू नका, ती सापडत नाही आणि तिच्यात तुमचा दिवस जातो. पण रोजच्या गाडीचा ग्रुप सापडतो. गाडीची वेळ, डबा, कोणत्या स्टेशनवर कोण चढतं, जागा कोण धरतं, एवढं विचारलं की बहुधा व्हॉट्सअॅप ग्रुपच हाती लागतो. डब्यात भजनी मंडळ असेल तर त्यातल्या प्रत्येकाचं नाव घ्या. मोठ्याने गाताना तोंडातून बाहेर पडणारे कण साध्या बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त असतात.

गाळा: जरी, शिलाई, चामडं, पॅकिंग, काम कसलंही असो, जिथे माणसं काम करतात तिथेच रांधतात आणि झोपतात, तिथे प्रत्येक जण हाय रिस्क, म्हणजे लागण होण्याचा धोका जास्त असलेला. शेठकडून आकडा घ्या, पण नावं कारागिरांकडूनच घ्या. दोन्ही जुळले नाहीत तर पुन्हा डोकी मोजा.

घरकाम: रुग्ण घरकाम करणारी असेल तर ती चार-पाच घरांत रोज तास-तास असते. त्या सगळ्या घरांना कळवायचं, पण कोणालाही तिचं नाव कळता कामा नये. एकाला कळलं तर ती पाचही कामं जातात, आणि मग त्या चाळीतली दुसरी एकही बाई तुम्हाला खरं सांगणार नाही. उलट बाजूही विसरू नका: इमारतीतला साहेब पॉझिटिव्ह आला की त्याच्या घरी येणारी बाई, ड्रायव्हर, मुलं सांभाळणारी ताई यांची नावं तो आपणहून सांगत नाही.

सार्वजनिक शौचालय: एकच शौचालय वापरलं एवढ्यावरून दोन माणसं निकट संपर्क ठरत नाहीत. पण कोण कोणतं शौचालय वापरतं हा रकाना यादीत असलाच पाहिजे. निरनिराळ्या गल्ल्यांतले रुग्ण एकाच रांगेत उभे राहत होते, हे त्या रकान्यातूनच दिसतं.

धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण नोंदवला गेला. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरच्या त्या वस्तीत एकेका संपर्कामागे धावणं पुरलं नाही. पालिकेने स्थानिक खाजगी डॉक्टरांना बरोबर घेऊन गल्लीगल्लीत ताप आणि ऑक्सिजन तपासला, आणि संपर्कातल्या लोकांची सोय शाळा आणि मंगल कार्यालयांत केली. तुमच्या वस्तीतही एका गल्लीत तीन-चार घरं निघाली की नावांची यादी थांबवू नका, पण सोबत पूर्ण गल्लीची तपासणी मागा.

हाय रिस्क की लो रिस्क

एकाच घरात राहणारे, रुग्णाची सेवा करणारे, त्याची भांडी किंवा कपडे हाताळणारे, अंगाला अंग लागलेले, आणि १ मीटरच्या आत समोरासमोर १५ मिनिटं किंवा जास्त असलेले, हे हाय रिस्क. १५ मिनिटं सलगच हवीत असं नाही, दिवसभरात ५-५ मिनिटं तीनदा झाली तरी मोजा. एकाच वर्गात किंवा ऑफिसात होते पण इतके जवळ नव्हते, ते लो रिस्क.

अंतराचा नियम उघड्यावर ठीक चालतो. बंद एसी खोली, खिडकी नसलेला गाळा, काचा लावलेली टॅक्सी इथे हवाच अडकलेली असते. तिथे दोन-तीन मीटरवरच्यालाही हाय रिस्कमध्ये घ्या आणि शेऱ्यात 'बंद जागा' लिहा. प्रत्येक संपर्कापुढे जागा, तारीख, अंदाजे मिनिटं आणि मास्क होता की नाही, एवढं हवंच.

एका रुग्णामागे अमुक इतके संपर्क आणा, असं लक्ष्य वरून येतं. त्यासाठी सोसायटीच्या बोर्डावरची नावं उतरवून यादी फुगवू नका. ज्यांचा संपर्कच आला नाही ते यादीत शिरले की लागण झालेले भागिले एकूण संपर्क, या भागाकाराचा खालचा आकडा वाढतो आणि विषाणू आहे त्याहून सौम्य दिसतो.

नाव लिहिताना वस्तीतलं हाक मारायचं नावही लिहा, बबलू आणि पप्पू कागदावर वेगळ्याच नावाने असतात. पत्त्यात खोली, चाळ, गल्ली आणि जवळची खूण. फोन कोणाचा आहे तेही लिहा, कारण पुष्कळदा तो मुलाचा किंवा शेजाऱ्याचा असतो.

संपर्काला कळवणं

"नमस्कार, मी पालिकेच्या आरोग्य केंद्रातून बोलतेय. गेल्या आठवड्यात तुमचा एका रुग्णाशी संपर्क आला होता. घाबरू नका, तुम्ही आजारी आहात असं नाही. पण अमुक तारखेपर्यंत आम्ही रोज तुमची चौकशी करू."

पुढचा प्रश्न ठरलेला: "कोण ते सांगा ना, आमच्याच मजल्यावरचं का?" उत्तरही ठरलेलं असू द्या: "ते नाही सांगता येणार. उद्या तुमचं नाव कोणी विचारलं तर तेही मी सांगणार नाही." 'हो' नाही, 'नाही'ही नाही. चार नावांना 'नाही' म्हटलं की पाचवं आपोआप उघड होतं. तीन-चार माणसांच्या ऑफिसात भेटीची नेमकी तारीखसुद्धा सांगू नका, शेवटचा दिवस तुम्हीच मोजून कळवा.

शेवटचा दिवस मोजणं

वरच्याच उदाहरणात समजा एक सहकारी रुग्णाला शेवटचा ९ जुलैला भेटला. लागणीपासून लक्षणं दिसायला कोविडला जास्तीत जास्त १४ दिवस धरले तर त्याची देखरेख २३ जुलैला संपते. घरच्यांचं गणित निराळं. रुग्णाला खरोखर वेगळी खोली असेल तर तो वेगळा झाला त्या दिवसापासून मोजा. १० बाय १२च्या खोलीत सहा जण असतील तर वेगळा कोण होणार? तिथे रुग्णाचा संसर्गाचा काळ संपेपर्यंत, म्हणजे लक्षणांनंतर १० दिवस, २० जुलैपर्यंत रोज नवा संपर्क होत असतो. म्हणून घरच्यांचा शेवटचा दिवस ३ ऑगस्ट. अशा घरापुढे 'होम क्वारंटाईन' लिहून मोकळं होऊ नका. विलगीकरणासाठी घराबाहेर, संस्थेत जागा मिळते का ते वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा. नाहीच मिळाली तर रुग्णाला दाराजवळ नाही, खिडकीपाशी झोपवा, सगळ्यांना मास्क द्या, आणि घरातली म्हातारी माणसं नातेवाइकांकडे हलवण्याचा विचार असेल तर तीही संपर्कच आहेत, हे विसरू नका. कमावता माणूस घरात अडकला की चूल कशी पेटणार, हा प्रश्न तुम्ही विचारा, तो विचारणार नाही. रेशनची सोय झाली की माणूस घरी थांबतो.

रोजचा फोन

ठरलेल्या वेळी, चार प्रश्न: ताप, खोकला, घसा, दम. प्रत्येकाचं 'आहे' किंवा 'नाही' लिहा. रकाना रिकामा म्हणजे 'नाही' नव्हे. रिकामा म्हणजे विचारलंच नाही. हिशेब करणाऱ्याला हा फरक नंतर कळायला मार्गच नसतो. फोन लागला नाही तर 'लागला नाही' लिहा. लागोपाठ तीनदा लागला नाही तर त्याच दिवशी दारावर जा.

ऑक्सिजन ९४च्या खाली, मिनिटाला २४ किंवा जास्त श्वास, छातीत दुखणं, ओठ निळसर, बोलण्यात गोंधळ, लहान मूल दूध न पिणं, यातलं काहीही दिसलं तर फॉलोअप बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा. नखांवर मेंदी किंवा नेलपॉलिश असेल, बोटं गार असतील तर ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवू शकतो. बोट चोळून, दुसऱ्या हाताचं घेऊन पुन्हा मोजा.

जुलै-ऑगस्टात मुंबईत ताप म्हणजे मलेरिया, डेंग्यू, लेप्टोही असू शकतो. साचलेल्या पाण्यातून चालत आलेल्या माणसाचा ताप श्वसनविकार समजून घरी बसवलात तर लेप्टोचे मोलाचे दिवस जातील. खोकला-घसा नसलेला ताप असेल तर रक्त तपासायला पाठवाच.

स्वॅब

लक्षणं दिसली की लगेच. लक्षणं नसलेल्या हाय रिस्क संपर्काचा संपर्कानंतर ५ ते १० दिवसांत. दुसऱ्याच दिवशी घेतलेला निगेटिव्ह अहवाल काहीच सिद्ध करत नाही, उलट माणूस तो दाखवून कामावर जातो. नळीवर नाव, तारीख आणि यादीतला क्रमांक लिहूनच नमुना घ्या, नंतर नाही. बर्फाच्या डब्यात २ ते ८ अंशांवर ठेवा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. फक्त लक्षणं असलेल्यांचेच स्वॅब घेतले तर लक्षणांशिवाय लागण झालेले निसटतात. विषाणू नवा असेल आणि अभ्यास पहिल्या काही रुग्णांपुरता असेल तर संपर्काच्या रक्ताचे दोन नमुने, सुरुवातीला एक आणि किमान दोन-तीन आठवड्यांनी दुसरा, घेतले जातात. प्रतिपिंडांवरून अशी छुपी लागण त्यात उघड होते.

मागे वळून शोध

संपर्क पुढे शोधतो तसा उगमही शोधा. १० जुलैला लक्षणं दिसली तर बहुधा लागण ३ ते ८ जुलैच्या दरम्यान झाली असावी. त्या दिवसांत रुग्ण कोणत्या लग्नात, बारशाला, बंद खोलीतल्या मीटिंगला गेला होता? कोविडसारख्या विषाणूत बहुतेक रुग्ण कोणालाच लागण देत नाहीत आणि थोडे जण पुष्कळांना देतात. म्हणून एक उगम सापडला तर त्यापासून निघालेल्या अनेक साखळ्या सापडतात.

हिशेब

समजा १२ घरांत मिळून ६१ माणसं. प्रत्येक घरातला पहिला रुग्ण वगळला, उरले ४९. त्यातल्या दोघांना पहिल्या रुग्णाच्याच दिवशी लक्षणं दिसली. त्यांना बाहेरूनच लागण झाली असण्याची शक्यता जास्त, तेही वगळा: ४७. पाच जण गावी निघून गेले, पत्ता नाही: ४२. या ४२ पैकी ९ पॉझिटिव्ह. घरातल्या लागणीचं प्रमाण ९ भागिले ४२, म्हणजे सुमारे २१ टक्के.

आता ते हरवलेले पाच. त्यांतलं कोणीच आजारी पडलं नसेल तर ९ भागिले ४७, सुमारे १९ टक्के. पाचही पडले असतील तर १४ भागिले ४७, जवळजवळ ३० टक्के. पाच माणसं न सापडल्याने उत्तर एवढं हलतं. अहवालात २१ लिहा, आणि त्याच ओळीत १९ ते ३० हेही लिहा. किती जणांचा फॉलोअप पूर्ण झाला, स्वॅब सगळ्यांचे घेतले की फक्त लक्षणं असलेल्यांचे, आणि किती दिवस देखरेख केली, हे सोबत नसेल तर तुमचा टक्का दुसऱ्या वॉर्डाच्या टक्क्याशी ताडून बघता येत नाही.

रुग्ण राहतो एका वॉर्डात आणि कामाला जातो दुसऱ्या वॉर्डात, हे मुंबईत रोजचंच. दुसऱ्या वॉर्डातल्या संपर्कांची नावं त्याच संध्याकाळी तिथल्या आरोग्य विभागाला क्रमांकासह पाठवा आणि त्यांनी घेतली का ते दुसऱ्या दिवशी विचारा, नाहीतर एकच माणूस दोन याद्यांत येतो किंवा एकाही यादीत येत नाही. यादीचा फोटो काढून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला फोन करून देखरेख संपल्याचं सांगा, यादीत 'पूर्ण' लिहा, आणि कागद केंद्रातल्या कुलुपाच्या कपाटात ठेवा.